सतरा नंबरच्या बाटल्या

सासूबाईंना लॅबमध्ये कामाला लावलं ते मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या वरकुट्यातल्या निम्म्या बायका अजूनही समजतात की सुनेनं डाव साधला. डाव साधायला जी अक्कल लागते ती माझ्यात नाही. झालं ते सगळं लसणामुळं झालं.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये मी आठ वर्षं काम करते. केळीची आणि उसाची रोपं आम्ही मातीत न लावता बाटलीत वाढवतो. चांगल्या केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशेजारी फुटलेलं पिल्लू आणायचं, सोलत सोलत आतला करंगळीच्या पेराएवढा कोंब काढायचा, औषधात धुवायचा आणि साखर, क्षार नि घट्टपणासाठी अगर-अगर घातलेल्या जेलीवर बाटलीत बसवायचा. महिन्याभरात त्याला आणखी कोंब फुटतात. ते कापून वेगळे करायचे, नव्या बाटल्यांत घालायचे, असं पुढं चालू. हे ज्या खोलीत चालतं तिला ट्रान्सफर रूम म्हणतात आणि त्या खोलीची मी सुपरवायझर. खोली एकदम निर्जंतुक लागते, कारण ती गोड जेली कोंबाला आवडते त्याहून जंतूंना जास्त आवडते. एखादा जंतू आत शिरला की चार दिवसांत कोंबाच्या बुडाशी ताक सांडल्यासारखा पांढुरका डाग पसरतो. मग ती बाटली बाद.

तर आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडम एकदा आमच्या घरी आल्या. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कॅनॉलकडच्या तुकड्यात केळी करायचं मनात घेतलं होतं आणि त्यांना मॅडमना जमीन दाखवायची होती. जमीन बघून झाल्यावर मॅडम पडवीत चहाला बसल्या. समोर सासूबाई लसूण सोलत होत्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. आत्यांचं लसूण सोलणं बघण्यासारखं असतं. पाकळी हातात कधी येते आणि साल कधी उडते ते दिसत नाही. तोंडानं त्या निमगाव केतकीच्या बाजारात भेटलेल्या एका बाईची हकीगत सांगत होत्या आणि नजर तिसरीकडंच, वाळवणावर टपलेल्या कोंबडीवर होती.

मॅडमनी कप खाली ठेवला. “या कुठं कामाला जातात का?”

“गुडघ्यामुळं रानात जाणं बंद झालंय त्यांचं,” मी म्हणाले.

“आमचं काम बसूनच आहे. असे हात मला जाहिरात देऊन मिळत नाहीत.”

मी हसले. मला वाटलं, मॅडम गंमत करतायत. आत्याही हसल्या. हसून झाल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “कवापासून येऊ?”

तोवर माझ्या नोकरीबद्दल आत्यांचं मत फार बरं नव्हतं. पाव्हण्यांनी विचारलं की त्या सांगायच्या, “आमची सून लोणच्याच्या कारखान्यात हाय.” मी एकदा घरी आणून दाखवलेली केळीच्या कोंबांची बाटली बघून त्यांनी ते ठरवलं होतं आणि मी कितीही समजावलं तरी ते बदललं नव्हतं. आणि आता त्याच कारखान्यात त्या येणार होत्या. माझ्या खोलीत. माझ्या हाताखाली.

पहिल्या दिवशी सकाळी सातला लॅबची गाडी फाट्यावर आली, तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून माझ्या आधी तिथं उभ्या होत्या. गाडीत बारा-तेरा बायका असतात. त्यांनी आत्यांना खिडकीची जागा दिली. मला आठ वर्षांत कोणी दिली नव्हती.

खरी अडचण कपडे बदलायच्या खोलीत आली. आत जाण्याआधी आंघोळ करायची, लॅबचा पांढरा झगा घालायचा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात आतल्या वेगळ्या चपला. आणि हातातलं सगळं काढायचं.

“सगळं म्हंजी?” आत्यांनी विचारलं.

“बांगड्या.”

“काचंच्या?”

“सगळ्याच, आत्या. त्याच्या खाली जंतू बसतात.”

“नवरा जित्ता हाय माझा.”

“माझाही आहे, आत्या.”

बाकीच्या बायका भिंतीकडं तोंड करून टोप्या नीट करायला लागल्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी मोकळ्या हातांनी घरी गेले म्हणून आत्यांनी दोन दिवस अबोला धरला होता, आणि तेव्हापासून मी बांगड्या डब्यात ठेवून परतीच्या गाडीत चढवत असे. आत्यांनी मग साबण मागून घेतला आणि एकेक बांगडी उतरवायला लागल्या. शेवटची निघेना. दोघींनी मिळून ती काढली. “हे घरी सांगू नगंस,” एवढंच म्हणाल्या.

कामात मात्र त्या पहिल्याच आठवड्यात तरबेज झाल्या. आमचं काम एका काचेच्या उघड्या कपाटासमोर बसून चालतं. कपाटातून गाळलेली हवा सारखी तोंडावर येत असते, म्हणून बाहेरची धूळ आत जात नाही, पण तोंडातून उडालेले थेंब जातात. त्यात हात घालायचे, चिमट्यानं कोंबांचा झुबका बाहेर काढायचा, काळं पडलेलं छाटायचं, कोंब सुटे करून नव्या बाटलीत उभे करायचे, झाकण लावायचं आणि वर मार्करनं तारीख नि आपला नंबर टाकायचा. आत्यांना सतरा नंबर मिळाला. जे काम शिकायला पोरींना दोन महिने लागतात ते त्यांनी आठवड्यात उचललं. छाटायचं पातं कसं धरायचं हे मी त्यांना दाखवत होते, तेवढ्यात त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन तीन कोंब सुटे केले. मॅडम मागून बघत होत्या. त्या माझ्याकडं बघून हसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण आत्या बोलायच्या.

ट्रान्सफर रूममध्ये बोलायचं नाही हा पहिला नियम. तो आत्यांना मान्य होता. त्यांच्या मते त्या बोलतच नव्हत्या. बोलणं म्हणजे दुसऱ्या माणसाशी. त्या कोंबांशी बोलायच्या. “ये गं बाय, किती गुतून बसलीयास,” असं म्हणून झुबका सोडवायच्या. एखादा कोंब बारीक निघाला की, “हिला जरा बरी जागा देऊ.” आणि मास्कमधून आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नाही म्हणून मास्क हनुवटीखाली ओढायच्या. मी काचेवर बोटानं टकटक केलं की मास्क वर जायचा. पाठ फिरवली की परत खाली.

पहिल्या शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी दिसलं. दर शुक्रवारी आम्ही नासलेल्या बाटल्या एका टेबलावर मांडतो, कोणाच्या किती ते बघतो आणि का झालं असेल ते बोलतो. बाटल्या मांडायचं काम माझं. त्या दिवशी टेबल भरलं. बाकीच्यांच्या दोन, कुणाच्या तीन, आणि पुढं सगळ्या सतरा नंबरच्या. एकेकीच्या बुडाशी तो ताकाचा डाग.

“ह्या कुनाच्या म्हनायच्या?” आत्यांनीच विचारलं. चष्मा नव्हता त्यांच्याकडं.

मी म्हणाले, “सतरा नंबरच्या.”

“सतरा कोन?”

“तुम्ही, आत्या. मास्क खाली ओढून बोलता ना, त्यानं.”

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मी बांगड्या चढवल्या, त्यांनी त्यांच्या चढवल्या. घरात शिरल्या शिरल्या मामांना म्हणाल्या, “ऐकलं का, तुमची सून म्हनती माझ्या तोंडानं बाटल्या नासत्यात.”

मामा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा खाली केला, आमच्या दोघींकडं बघितलं आणि परत वर धरला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे एवढं नक्की कमावलं आहे.

“मी तोंडानं म्हणाले नाही, आत्या. बोलण्यानं म्हणाले.”

“बोलनं काय कानानं करत्यात व्हय?”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं गेले आणि म्हणाले, त्यांना दुसरं काम द्या, बाटल्या धुवायचं द्या. मॅडमनी नकार दिला. म्हणाल्या, “त्यांना सांगू नका. दाखवा.” आणि मला दोन काचेच्या बशा दिल्या, आत तीच जेली ओतलेली.

आत्यांना मी बाहेरच्या खोलीत बसवलं. एक बशी उघडून पुढं ठेवली आणि म्हणाले, पाच मिनिटं गप्प बसायचं. त्या बसल्या, पण मला वाटलं की त्यांचा जीव जातोय. मग ती झाकून दुसरी उघडली. “आता हिच्यासमोर मास्क न लावता काहीही बोला.”

“काय बोलू?”

“काहीही.”

पहिल्यांदाच बोला म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. मग पळसदेवला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या दिराच्या लग्नात मासळीवरून झालेलं भांडण त्यांना आठवलं, आणि वऱ्हाडातल्या कोणी कोणाला काय म्हटलं ते त्यांनी आवाज काढून सांगितलं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली. मला पुढचं ऐकायचं होतं म्हणून मीही बशी झाकली नाही.

तीन दिवसांनी दोन्ही बशा त्यांच्यापुढं ठेवल्या. गप्प बसलेल्या बशीत कडेला दोन ठिपके होते. लग्नाच्या बशीत जागा उरली नव्हती. पांढरे, पिवळे, एक गुलाबीसुद्धा. साबुदाणा सांडावा तसं.

आत्यांनी माझा चष्मा मागून घेतला. बशी उजेडाकडं धरली. बराच वेळ बघितली.

“हे समदं माझ्यातनं आलं?”

“सगळ्यांच्याच तोंडात असतं, आत्या. माझ्याही.”

“आन् ह्याच तोंडानं मी इतकी वर्सं घरात बोलती. तुमी जगला कसं?”

त्या दिवसापासून आत्या ट्रान्सफर रूममध्ये गप्प झाल्या. मास्क नाकाच्या हाडापर्यंत वर, वरून नाडी घट्ट. कोंबांशीही नाही. पुढच्या शुक्रवारी सतरा नंबरच्या चार बाटल्या, त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक, आणि मग एकही नाही. मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आत्यांनी लाजून टोपी कपाळावर ओढली.

पण जे खोलीत अडवलं ते कुठंतरी जायला हवं होतं. ते गाडीत जायचं. काम करताना मध्येच आत्या मान वळवून माझ्याकडं बघायच्या आणि एक बोट दाखवायच्या. म्हणजे एक गोष्ट सांगायची राहिलीय, लक्षात ठेव. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन बोटं व्हायची, चार वाजेपर्यंत हात पुरायचा नाही. लक्षात ठेवायची जबाबदारी माझी. गाडी निघाली की त्या म्हणायच्या, “हां, पयलं काय?” मला काय ठाऊक, बोटावर काय लिहिलेलं असतं का. पण त्यांना बरोबर आठवायचं. सगळ्या बायका ऐकायच्या. गाडीवाले काका तर एकदा चौथ्या बोटाची गोष्ट संपेना म्हणून फाट्यावर गाडी थांबवून इंजिन बंद करून बसले होते.

हे सगळं सुरळीत चाललं असताना माझ्या बाटल्या नासायला लागल्या.

सुपरवायझर असले तरी रोज थोडं काम मी करतेच. माझा नंबर चार. आठ वर्षांत चार नंबरची बाटली शुक्रवारच्या टेबलावर क्वचित यायची. आता दर आठवड्याला पाच, सात, दहा. मी हवेचा फिल्टर तपासायला लावला. जेली शिजवणाऱ्याशी भांडले. चिमटे बदलले, स्पिरिट बदललं, बसायची जागा बदलली. जागा बदलली तर नासकेपणा माझ्याबरोबर नव्या जागेवर आला. आत्या शेजारच्याच कपाटासमोर बसायच्या. त्यांच्या बाटल्या आरशासारख्या.

शेवटी एका शुक्रवारी मॅडमनी स्वतः बाटल्या मांडल्या. चार नंबरची रांग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला. “कुणाला काही सुचतंय का?” त्यांनी विचारलं.

मागून एक हात वर झाला. आत्यांचा. शाळेत करतात तसा.

“बोला ना, आजी.”

आत्या उभ्या राहिल्या. “त्यांच्या चष्म्यावर वाफ धरती, म्याडम. मास्क वर असला की दिसत न्हाय म्हनून नाकाखाली घेत्यात. त्यांच्या ध्यानात बी येत न्हाय.” घरात अगं-तुगं करणाऱ्या आत्या लॅबमध्ये मला अहो-जाहो करायच्या. त्यानं मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हणणार होते की असं काही नाही. पण हात आपोआप चष्म्याकडं गेला होता. नवा चष्मा मी दोन महिन्यांपूर्वी इंदापुरात केला होता. जुन्यापेक्षा मोठा, नाकावर बसणारा. बाटल्या तेव्हापासूनच नासत होत्या. मॅडमनी मला मास्कच्या वरच्या कडेला लावायची चिकटपट्टी दिली आणि विषय संपला. आठ वर्षं मी ज्या टेबलाशी दुसऱ्यांना समजावलं, त्याच टेबलाशी उभी राहून मी मान डोलावली.

गाडीत आत्यांनी त्या दिवशी एकही बोट सोडवलं नाही. घरी आल्यावर मी चहा ठेवला. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसल्या.

“म्याडमला म्यां निम्मंच सांगितलं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मास्क खाली असतो आन् तू पुटपुटती. हनुवटी हालती तुजी. लई येळ हालती.”

माझ्या हातातली साखर निम्मी ओट्यावर पडली. कारण ते खरं होतं. मला ठाऊकच नव्हतं, पण त्यांनी सांगितल्याबरोबर मला कळलं की मी काम करताना दिवसभर मनातल्या मनात भांडत असते. मनातल्या मनात, असं मला वाटत होतं.

“कुनाशी पुटपुटती ते बी ठावं हाय मला,” आत्या म्हणाल्या. “शेजारीच बसती मी. पन ते घरचं हाय, ते म्याडमला कशाला? आता हितं बोल. हितं काय नासायचं न्हाय.”

मी म्हणाले, काही नाही, तसं काही नाही. त्या उठेनात. चहा उतू गेला. मग मी गॅस बंद केला आणि बोलले. म्हणाले, मी घासलेली भांडी तुम्ही परत घासता. म्हणाले, मी केलेल्या आमटीत मी वळले की गूळ टाकता. म्हणाले, पाव्हण्यांना सांगता की मी लोणच्याच्या कारखान्यात आहे. आवाज चढला होता माझा, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मग माझं संपलं. मी आठवून बघितलं, आणखी काही येईना. इतकी वर्षं साठवलेलं एवढंसंच निघालं.

आत्या वाट बघत होत्या. “आजून?”

“एवढंच.”

“एवढ्यापायी तू इतक्या बाटल्या नासवल्या?”

मला हसू आलं. थांबवता येईना. त्यांनाही आलं. हसून झाल्यावर त्या भिंतीला टेकल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, “आता माजं ऐक.” त्यांचं सुरू झालं ते म्हशीच्या धारांच्या वेळेला थांबलं, तेही म्हैस ओरडायला लागली म्हणून. त्यात माझ्या लग्नातली साडी होती, माझ्या माहेरच्यांनी न विचारलेला गुडघा होता, रविवारी मी उशिरा उठते ते होतं आणि लॅबच्या पहिल्या दिवशी त्यांच्या हातातून बांगडी काढताना मी किती जोरात ओढलं तेही होतं. मामा मधे एकदा पाणी प्यायला आले. उंबऱ्यातून पाय आत टाकला, दोघींना बघितलं आणि तहान नसल्यासारखे परत गेले.

त्यानंतर भांडी परत घासणं थांबलं. आमटीतला गूळ थांबला नाही. मी आता भांडायचं असेल तर घरीच भांडते आणि चार नंबरच्या बाटल्या निवळल्या.

उन्हाळा सरल्यावर मामांनी कॅनॉलकडच्या तुकड्यात केळी लावली. रोपं आमच्याच लॅबची. बाटलीतून निघून जाळीच्या घरात कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, दोन महिने वाढलेली, टेचात वीतभर उंच. यातली कोणती कोणाच्या हातची ते सांगता येत नाही, पण आत्यांनी ती सगळी आपलीच धरली होती. लागवडीला आम्ही दोघींनी रजा टाकली. मामांनी खड्डे काढून घेतले होते, ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या. तंबाखू मळून, हात झटकून ते पहिलं रोप उचलायला वाकले.

“थांबा,” आत्या म्हणाल्या. “हात धुवा आदी.”

मामांनी आपल्या हातांकडं बघितलं, मग खड्ड्याकडं. “अगं, मातीतच तर लावायचं हाय.”

“म्हनून काय झालं? तंबाकूचा हात तसाच लावता व्हय? लेकरावानी जपलीत ती आमी.”

“शेनखत टाकलंय खाली मी. पाटीभर.”

“शेनखताचं मला सांगू नगा. हात धुवा.”

मामांनी मदतीसाठी माझ्याकडं बघितलं. मी पाण्याची बादली त्यांच्यापुढं सरकवली आणि लॅबमधून आणलेला साबण दिला. ते बांधावर उकिडवे बसले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, आत्यांनी मान हलवेपर्यंत. मग आम्ही तिघांनी दुपारपर्यंत चार ओळी लावल्या, बांधावर भाकरी खाल्ली, आणि राहिलेली रोपं उन्हं कलल्यावर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघी पुन्हा फाट्यावर उभ्या होतो.